‘रोक लो’ कोण म्हणालं?

आमच्या सोलर कार टीमच्या सरांचा आवाज काढायचा तर आधी नाक जरा दाबल्यासारखं करायचं, हनुवटी छातीत घुसवायची आणि दर चार शब्दांनी ‘क्या नाम से’ टाकायचं. बस. “देखो बच्चों, क्या नाम से, सोलर कार गाड़ी नहीं है, क्या नाम से, एक सोच है.” कोणालाही जमेल. पण कॉलेजात सगळे म्हणायचे, तुझ्यासारखं कोणाला नाही जमत. हे मी कौतुक समजत होतो. आता समजत नाही.

शाळेपासून माझं हेच चाललंय. झाशीत बड़ा बाज़ारच्या मागे एक शाळा आहे, बोर्डावर इंग्लिश मीडियम आणि आत सगळं हिंदी, बुंदेली आणि छडी. तिथे मी प्रिन्सिपलचा आवाज काढून एकदा अख्ख्या वर्गाला सुट्टी दिली होती. मार पडला, पण सुट्टी झाली. घरी दतिया गेटला आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याचा आवाज काढून मी आईला दारात बोलवायचो. ती पिशवी घेऊन बाहेर यायची आणि मग माझ्या मागे धावायची. स्टेशनवरची अनाउन्समेंटवाली बाई तर मला पाठच आहे. कोणी दुखावलं नाही कधी. उलट लोक म्हणायचे, अबे, मेरी आवाज़ निकाल, मेरी निकाल.

इंजिनिअरिंगला गेलो आणि सोलर कारच्या टीममध्ये शिरलो. वर्कशॉपमागे पत्र्याचं शेड, त्यात आमची गाडी. दिसायला पालथी घातलेली मोठी परात. वर सोलर पॅनल, खाली तीन चाकं, मधे एक खाच, आणि त्या खाचेत ड्रायव्हर जवळजवळ झोपून चालवणार. आत पंखा नाही, एसीचं नावच सोडा. झाशीत पॅनलला ऊन कमी पडत नाही, माणसालाच जास्त होतं. हात लावला तर पत्रा चटका द्यायचा, म्हणून आम्ही पाने आणि पेचकस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो.

ड्रायव्हर एक मुलगी होती. वडील रेल्वेत, नगऱ्याला क्वार्टर, मूळ गाव भुसावळकडचं. पहिल्याच आठवड्यात मी शेडबाहेर आईशी फोनवर बोलत होतो ते तिने ऐकलं.

“तू मराठी आहेस?”

“हो. म्हणजे आम्ही पेशव्यांच्या वेळेपासूनचे इथले.”

“मग हे काय बोलत होतास? ‘आई, मी लेट होईन, तू खाना खाऊन घे, टेन्शन घेऊ नको जी.’”

“मराठी.”

“तुझी मराठी ऐकून असं वाटतं, माजघरात कोणीतरी हिंदी टीव्ही चालू सोडून गेलंय.”

मी लगेच तिचाच आवाज काढून तेच वाक्य तिला परत ऐकवलं. ती इतकी हसली की हातातला नट गाडीखाली गेला आणि मग आम्ही दोघं पोटावर पडून तो शोधत बसलो.

रेडिओवर मराठी बोलायची आयडिया तिचीच. आमच्याकडे स्वस्तातले वॉकीटॉकी होते, आणि आमच्याच रस्त्यावर सरावाला येणाऱ्या दुसऱ्या कॉलेजच्या टीमकडेही तेच. सराव करताना सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू यायचं. मी म्हणायचो “स्पीड चालीस कर दो, ढलान पर मोटर बंद”, आणि मागून दुसऱ्या कॉलेजची गाडीपण उतारावर मोटर बंद करायची. मग आम्ही मराठीवर गेलो. मी तंबूत बसून हिशोब सांगायचा, तिने गाडीत पडून ऐकायचा. टीममधल्या बाकीच्यांना एक अक्षर कळत नसे. कॅप्टन म्हणायचा, “तुम लोग लड़ रहे हो या रेस चला रहे हो?”

अडचण एकच होती, मला मराठी आकडे येत नव्हते. आमच्या घरात मराठी आहे, पण पाढे शाळेत हिंदीत झाले. मग आई पोळ्या लाटताना माझी शिकवणी घ्यायला लागली.

“एकोणचाळीस म्हण.”

“उनतालीस.”

“हे लाटणं बघितलंस?”

“एकोण... चाळीस.”

“आता एकोणपन्नास.”

“आई, तिथपर्यंत गाडीच जात नाही.”

आणि ‘ऊन’चा किस्सा. हिंदीत ऊन म्हणजे लोकर. मी दिवसभर रेडिओवर ओरडायचो, “ऊन आहे, खेच. ऊन चाललं, दम धर. ढग गेला, पुन्हा ऊन.” एक दिवस दुसऱ्या टीममधला एक मुलगा हळूच माझ्याजवळ आला. “भैया, एक बात पूछें? आप लोग ऊन लगाते कहाँ हो? बैटरी के नीचे?”

मी एकदम गंभीर. “नीचे भी, और चारों तरफ़ भी. लेकिन असली भेड़ का हो, तभी.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बॅटरीच्या पेटीभोवती राखाडी लोकर गुंडाळलेली होती. आपल्या झाशीत, उन्हाळ्यात! ती गाडीतून उतरून हे बघायला गेली आणि परत येऊन बसली तर तिचं हेल्मेट हसण्याने हलत होतं.

हे सगळं सांगतोय कारण रेसच्या दिवशी काय झालं ते समजायला एवढं लागतं. ‘ऊन’ आणि मराठी. मराठीवर गेल्यापासून मी तिच्याशी रेडिओवर हिंदीत एकदाही बोललो नाही. थट्टेतसुद्धा नाही.

रेस आमच्याच कॉलेजने ठेवली होती. कॅम्पसच्या मागून फिरणारा रस्ता हाच ट्रॅक. जो ठरलेल्या वेळात जास्त फेऱ्या मारेल तो जिंकेल. नियम सोपा होता. गाडी थांबवायची तर तंबूपाशी आखलेल्या जागेतच. मधेच रस्त्यावर थांबलात तर फेऱ्या कापल्या जातील. आणि आमच्या रस्त्यावर होस्टेलजवळ एक चढ आहे. पायी चाललं तर जाणवतपण नाही. पण परातीसारख्या गाडीला तिथे उभं राहून पुन्हा उठायचं म्हणजे बॅटरी गटागट प्यायची. म्हणून आमचा सगळा डाव असा होता की त्या चढावर कधीही हळू व्हायचं नाही. हे मी तिला शंभरदा सांगितलं होतं. आईला पण माहीत होतं.

दुपारपर्यंत आम्ही दुसऱ्या नंबरवर. पहिल्या नंबरवाल्यांची गाडी गरम होऊन दम टाकायला लागली होती. मी तंबूत खुर्चीवर नव्हे, टेबलावर चढून बसलो होतो. “पंचेचाळीस धर. ऊन मस्त आहे. खेच, खेच.” तिकडून फक्त तिचा श्वास आणि “हो”.

तेवढ्यात सर आले. पांढरा शर्ट, गळ्यात फुलांचा हार, म्हणजे हार गेस्टचा, पण धरायला यांच्या गळ्यात. चीफ गेस्टची गाडी मेन गेटवर पोचली होती.

“रेडियो मुझे दो. तुम जाओ, क्या नाम से, ऑडिटोरियम से अच्छी वाली कुर्सियाँ ले आओ. गद्दी वाली.”

“सर, रेस...”

“बेटा, रेस कहीं भागी नहीं जा रही.”

रेसचं काम भागणंच असतं, हे मी मनात म्हटलं. रेडिओ दिला आणि पळालो.

गादीच्या खुर्च्या जड असतात. दोन डोक्यावर उलट्या घेऊन मी चढाजवळून येत होतो. कॅप्टन तिथेच झेंडा घेऊन उभा होता, त्याच्याबरोबर टीममधले अजून दोघं, आणि कॅप्टनच्या कमरेला दुसरा वॉकीटॉकी. खुर्च्यांच्या पाठीआडून मला तो नीट दिसलापण नाही, फक्त आवाज आला. सरांचा.

“हाँ ड्राइवर, क्या नाम से, धूप बढ़िया है. वहीं होस्टल के पास रोक लो. गेस्ट आ रहे हैं, एक फोटो हो जाए.”

मी ओरडलो, “नको! थांबू नको!” पण मी काय रेडिओ होतो? मी तर खुर्चीखाली होतो.

ती थांबली. सरांनी सांगितलं म्हणजे ती थांबणारच. चढाच्या बरोबर मधोमध. पाहुणे आले, सर गाडीला हात लावून उभे राहिले, फोटो झाला, दुसरा फोटो झाला, पाहुण्यांनी विचारलं, “इसमें पेट्रोल कहाँ डालते हैं?” सगळे हसले. मग सर म्हणाले, “चलो बेटा, अब चलो.”

गाडी उठेना. तिने जोर दिला, मोटरच्या कंट्रोलरने करंट तोडला. पुन्हा दिला, पुन्हा तोडला. तिसऱ्यांदा उठली, पण बॅटरी तळाला गेली होती. आणि मग पश्चिमेकडून ढग आले, आरामात, पानाच्या दुकानावरून उठून घरी चालल्यासारखे. संध्याकाळी आमची गाडी आम्ही ढकलत शेडमध्ये आणली. मधे थांबल्याच्या फेऱ्या कापल्या त्या वेगळ्याच. ज्यांनी लोकर लावली होती ते आमच्या वर आले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मीटिंग. कॉलेजचे डायरेक्टर स्वतः आले. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार की फोटोसाठी गाडी थांबवली. त्यांनी सरळ विचारलं, “चढ़ाई पर रोकने को किसने बोला?”

सर म्हणाले, “मैं तो सर गेस्ट के साथ था. रेडियो पर तो, क्या नाम से...” आणि माझ्याकडे बघून हसले. एकदम प्रेमाने हसले. “वैसे मेरी आवाज़ में तो यहाँ और लोग भी बोलते हैं.”

सगळे हसले.

मला राग कशाचा आलाय हे मला तिथे, त्या सेकंदाला कळलं. सरांचं खोटं नंतर. आधी ते हसणं. मी तीन वर्षं ह्यांना हसवलं, ह्यांच्या वाढदिवसाला ह्यांच्या बापाचे आवाज काढले, आणि आता ते माझ्यावरच हसत होते, आणि हसता हसता गोष्ट खरी होऊन गेली. हसणं संपलं तेव्हा डायरेक्टर माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, “सर, मैं कुर्सियाँ ला रहा था.”

“किसने देखा?”

मी कॅप्टनकडे बघितलं. कॅप्टन गाडीच्या चाकाकडे बघत होता. बाकीचे दोघं एकमेकांकडे. ड्रायव्हर हेल्मेटचा पट्टा उघडत होती, लावत होती, उघडत होती. मला फक्त एवढं हवं होतं की कोणीतरी ह्या शेडमध्ये, ह्या सगळ्यांसमोर म्हणावं, तो हा नव्हता. तीन शब्द. रेडिओची जागा गेली तरी चालेल, पण हे तीन शब्द.

कोणी नाही.

“अच्छा, ज़रा करके दिखाओ,” सर म्हणाले. “डायरेक्टर सर भी सुन लें. बुरा नहीं मानूँगा.”

आता सांगा. चांगला आवाज काढला तर, बघा, हाच होता. वाईट काढला तर, बघा, नाटक करतोय. माझा दिमाग फिरला. मी नाक दाबलं, हनुवटी छातीत घातली, आणि आयुष्यातला सगळ्यात चांगला आवाज काढला. “क्या नाम से, झूठ तो, क्या नाम से, मैं बोल रहा हूँ.”

ह्या वेळेस फक्त एक जण हसला आणि तो पण मधेच थांबला. डायरेक्टर उठले. संध्याकाळी मला टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून, म्हणजे टीममधूनच, काढलं होतं.

ती सायकल स्टँडपाशी भेटली. भेटली म्हणजे उभी होती, माझी वाट बघत.

“मला माहीत आहे तो तू नव्हतास.”

“अच्छा?”

“तो धूप म्हणाला. तू उन्हाला कधी धूप म्हणतोस? आणि हिंदीत तर तू माझ्याशी भांडतपण नाहीस.”

“मग आत तोंडाला काय झालं होतं?”

तिने माझ्या सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. मग म्हणाली, “पुढच्या रेसला गाडीत कोण बसणार ते सरच ठरवतात ना.”

खरं बोलली. मला माहीत आहे तिने त्या खाचेसाठी काय काय केलं. दुपारच्या शेडमध्ये पडून राहायची, हेल्मेटमध्ये घामाचं तळं. वडील म्हणायचे रेल्वेचा फॉर्म भर, ही म्हणायची आधी गाडी. हे सगळं मला माहीत आहे. तरी मी तिला म्हटलं, “मग तुझ्या सरांशी बोल मराठीत,” आणि सायकल काढली. किल्ल्याच्या चढावर इतक्या जोरात पेडल मारलं की चेन उतरली. भर रस्त्यात बसून हात काळे केले. येणारे जाणारे बघत होते आणि मला एकाचाही आवाज काढावासा वाटला नाही.

घरी बाबा म्हणाले, “तू सगळ्यांची मस्करी करतोस, मग लोक असंच समजणार.”

मला एवढा राग बाबांचापण आला. मस्करी करणारा माणूस खरं बोलतच नाही का? सर आयुष्यात कोणाची नक्कल करत नाहीत, म्हणून त्यांचं खोटं खरं? आईने काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पोळ्या लाटताना माझी आकड्यांची शिकवणी बंद झाली. ते मला जास्त लागलं.

पुढची रेस बाहेरगावी होती. ज्या दिवशी गाडी ट्रकवर चढून जाणार होती, त्या दिवशी मी बड़ा बाज़ारात मिक्सर दुरुस्त करायला दिला होता. दुपारची वेळ, दुकानाबाहेर बाकावर बसलो होतो. फोन आला. ती.

“ऐक, पटकन ऐक. ट्रक गेटवर अडकलाय. गार्ड सोडत नाही. म्हणतो साहेबांनी फोन केला तरच.”

“तर साहेबांना सांग.”

“ते पुढे गेलेत ट्रेनने. फोन लागत नाही. संध्याकाळपर्यंत गाडी तपासणीला पोचली नाही तर आपल्याला उभंच करणार नाहीत.”

‘आपल्याला’ म्हणाली.

“मग?”

“मग... तू सरांच्या आवाजात बोल ना गार्डशी. दोनच वाक्यं. त्याला कळणार नाही.”

मी हसलो. इतका हसलो की मिक्सरवाल्याने मान वर करून बघितलं. ज्या कारणासाठी मला हाकललं, तेच काम. मला वाटलं फोन फेकून द्यावा त्या गटारात. मागून कॅप्टनचा आवाज आला, “मान गया क्या?” म्हणजे फोन स्पीकरवर होता.

मी म्हटलं, “बोलतो. पण आधी तू बोल. हिंदीत, जोरात, सगळ्यांसमोर. त्या दिवशी रेडिओवर कोण होतं?”

तिकडून नुसता ट्रकचा हॉर्न वाजला. मी मनात म्हटलं, हिच्या सीटचं काय, सर तिथे ऐकायला नाहीत, पण कोणीतरी त्यांना सांगेल, सांगणारे कमी आहेत का. तरी मी माझा हट्ट सोडला नाही. आणि तिने बोलून टाकलं. एकदम स्वच्छ हिंदीत, एका दमात, मोठ्याने.

“उस दिन रेडियो पर ये नहीं था. सर थे. गाड़ी सर ने रुकवाई थी.”

मी वाट बघत होतो. काय होईल असं वाटलं होतं मला? कोणीतरी म्हणेल, क्या! सच में? कोणीतरी माफी मागेल, कोणाला तरी लाज वाटेल.

कॅप्टन म्हणाला, “हाँ तो यार, सबको पता है. तू तो कुर्सियाँ लेके मेरे सामने से ही निकला था. चल अब बोल दे गार्ड को, लेट हो रहा है.”

असं. सहज. बस सुटतेय म्हणाल्यासारखं. मागून अजून कोणीतरी, “हाँ भाई, प्लीज़.” इतके दिवस मी रोज सकाळी उठून मनातल्या मनात ह्यांच्यासमोर वकिली करत होतो. खुर्च्या किती जड होत्या, मी कुठून आलो, कुठे होतो. आणि ह्यांना कोणालाच पुरावा नको होता. ह्यांना सगळं तेव्हाच माहीत होतं, मीटिंगमध्ये, चाकाकडे बघताना. ती एकटी घाबरून का होईना बोलली. बाकीच्यांना तर घाबरण्याएवढंपण ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

“गार्डला दे फोन,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी मानलो. फोन हातातून हातात गेला. मग गार्डचा जाडा आवाज. “हओ, को बोल रओ? साब?”

माझं नाक आपोआप दाबलं गेलं, खरं सांगतो, सवयच आहे. हनुवटी खाली गेली. ‘क्या नाम से’ अगदी दातांपर्यंत आलं. मी ते गिळलं आणि माझ्या स्वतःच्या आवाजात बोललो, जो मी कधी कुठल्या स्टेजवर काढला नाही, पातळ, थोडा चिरका.

“नहीं भैया. मैं साहब नहीं हूँ.”

“तो साब खों बुलाओ. तुम तो साब नइयाँ,” गार्ड म्हणाला.

“वही तो मैं भी कब से कह रहा हूँ भैया,” मी म्हटलं, आणि फोन ठेवला.